दालनाच्या दारात

मुलांनो, "आजी, व्हिएन्नातलं कुठलं चित्र सगळ्यांत आवडलं?" असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते खोटं मनाला लागून राहिलं, म्हणून आज हे लिहिते आहे.

आजोबांना जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची तिथे राहणारी धाकटी बहीण, म्हणजे आमच्या वन्सं, मला आग्रहाने संग्रहालयात घेऊन गेल्या. भिंतभर मोठी चित्रं होती. मी एकेक नीट पाहिलं, पण आत काही हललं नाही. दाताच्या डॉक्टरांनी बधिर केलेल्या हिरडीवरून जीभ फिरवावी, तसं ते पाहणं होतं.

प्रत्येक दालन संपलं की मी दारात उभी राहत होते. चौथ्या दारात वन्संनी विचारलं, "वहिनी, पाय दुखतायत का?"

"नाही हो."

"मग कोणाची वाट बघताय?"

आजोबा चित्राखालची पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यामुळे कुठल्याही संग्रहालयात मी पुढे जायची आणि दारात त्यांच्यासाठी थांबायची.

वन्संच्याही ते ध्यानात आलं. "दादा ना, दवाखान्यातल्या सूचनासुद्धा पुरत्या वाचायचा," एवढंच म्हणून त्या माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. एक पाटी वाचून होईल इतका वेळ आम्ही थांबलो आणि मग पुढे गेलो.

तिथलं एकही चित्र मला आठवत नाही. रडूही अजून आलेलं नाही. दारात थांबायची सवय तेवढी शिल्लक आहे.