वरच्या वर्गातलं धरण

कोंडीभाऊनाना नसते तर मी आज मेंढरांमागे असतो. महिन्यापूर्वी कार्यालयात धाकट्या भावाचा फोन आला. "नाना गेले," एवढंच म्हणाला.

महाळुंगे पडवळच्या अलीकडे ओढ्यावर नानांनी स्वतःच्या जमिनीत मातीचं छोटं धरण बांधलं होतं. आम्ही मेंढपाळ, वर्षातला बराच काळ बिऱ्हाड पाठीवर. माझ्या वडिलांना नानांनीच थांबवलं. धरणाच्या खालच्या अंगाला आमच्या चार कुटुंबांना घरांपुरती जागा दिली. "मेंढरं हिंडू दे, पोरं नको," म्हणाले. म्हणून मी शाळेत गेलो, पुढं पुण्यात स्थापत्य शाखेचा पदवीधर झालो. पहिला वर्ग मिळाला तेव्हा पेढे नानांनी वाटले.

मी सरकारी नोकरीत लागलो आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या खात्याकडे खासगी मातीच्या धरणांची सुरक्षेसाठी वर्गवारी करायचं काम आलं. नानांच्या धरणावर साहेबांबरोबर मीही होतो. भिंत उत्तम होती, कुठं झिरप नव्हती. तरीही वर्ग पडला सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत धोक्याचा. भिंत किती मजबूत आहे यावर हा वर्ग ठरत नाही. ती फुटली तर खाली कोण सापडेल, यावर ठरतो. खाली आमची घरं होती.

गावात मात्र बातमी पसरली ती धरणाला पहिला वर्ग मिळाल्याची. पारावर एकानं नानांना गाठलं. "पोरगं पास, धरण बी पास. पेढं कवा, नाना?"

"पेढं खा की. पण पावसाळ्यात धरणाच्या भिंतीवर बसाया बी या, राव."

कारण हुकूमच तसा होता. खडक फोडून सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, रुंद करा, नाहीतर पाणी सोडून द्या, नाहीतर घरं हलवा; तोवर पावसाळाभर भिंतीवर राखण ठेवा. खडक फोडणं नानांच्या आवाक्यातलं नव्हतं. पाणी सोडलं तर खालच्या विहिरी आटणार होत्या. वडील म्हणाले, "आमी उठतो, नाना. तुमचं धरण राहू द्या."

"उठून कुठं जातो? नातवंडं पुन्ना मेंढरामागं घालतो व्हय?"

आणि नाना स्वतः भिंतीवर बसू लागले. पाऊस सुरू झाला की ओढा उतरेपर्यंत त्यांना गाव सोडता येईना. अवसरीला लेकीकडं बारसं होतं, तिथंही गेले नाहीत. काही वर्षांनी फेरपाहणी माझ्याकडे आली. खोकत, भिजलेलं घोंगडं पिळत नाना म्हणाले, "बिरू, तुज्या हातात हाय. घरं न्हाईत, मेंढरांचे वाडे हायेत म्हून लिव्ह. समदेच सुटू."

ज्यांच्यामुळे लिहायला शिकलो त्यांना तोंडावर नाही म्हणवेना. पाहणी पुरी करून परतलो. उत्तर पत्रानं पाठवलं.

आज नाना नाहीत. खडक तोच आहे, घरं तीच आहेत, धरणाचा वर्गही तोच. ते पत्र असं होतं:

ती. नानांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं नाही. वाडे लिहिले असते तर वर्ग खाली आला असता, तुम्ही सुटला असता. पण मग भिंतीकडे बघायला कुणीच राहिलं नसतं. तिथं माणसांनी राहावं हे तुम्ही ठरवलंत. मी फक्त राहतात असं लिहिलं. रागावू नका. रविवारी मी येतोय. भिंतीवर मी बसेन, तुम्ही घरी पाठ टेका. वर्ग आहे तोवर येत राहीन.

तुमचा,
बिरू