कुठल्या दाराला?

माझ्या नणंदेचं आणि माझं पंचवीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नाही. माझा स्वयंपाक, माझी मुलं, माझं नवऱ्याशी बोलणं, सगळ्यात तिला खोट दिसते. तेव्हा मी तिची बाजू घेतेय ती काही प्रेमापोटी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ती कुलूपवाली. बाजारातल्या आठ फुटी गाळ्यात तीस वर्षं किल्ल्या घासत बसलीय. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "रोज दहा घरं उघडून बघते, तेवढं पुरे." सगळं गाव तिला किल्लीताई म्हणायचं. तिची एक खोड होती. कुलूप मागायला कोणीही येवो, आधी विचारणार, "कुठल्या दाराला? आत माणसं किती?" गिऱ्हाईक वैतागायचं. "अहो ताई, कुलूप हवंय, जनगणना नको!" पण ही बधायची नाही. आत माणसं असतील त्या दाराला आतून किल्ली लागता कामा नये, नुसती खिट्टी फिरवली की दार उघडलं पाहिजे, हा तिचा हट्ट. या हट्टापायी तिने कितीतरी चांगली गिऱ्हाइकं घालवली.

मग सभागृहाला आग लागली. गाण्याचा कार्यक्रम होता, हॉल खच्चून भरलेला. मंचामागची वायर जळाली, दिवे गेले, धूर पसरला. माणसं मागच्या दाराकडे धावली. दाराला साखळी होती आणि साखळीला कुलूप. तिथे एकोणीस माणसं गेली. आमच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंचा मुलगा त्यातच गेला. सतरा वर्षांचा होता.

कुलूप माझ्या नणंदेच्या दुकानातलं होतं.

झालं! गावाला धरायला मान मिळाली. वायर कोणी टाकली, साखळी कोणी लावली, कोणी विचारलं नाही. "कुलूप अडकलं म्हणे," एवढं एक वाक्य दुपारपर्यंत घरोघर पोचलं. लोकांनी आपापल्या दारांची कुलपं उचकटली आणि तिच्या पायरीवर आणून आपटली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने तर घाबरून दुकानाचं दारच काढून ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याचं कापड चोरीला गेलं, तर त्याचंही खापर हिच्याच डोक्यावर!

गाळ्याच्या भिंतीवर कोणीतरी खडूने लिहिलं, 'खुनी'. मी ओलं फडकं घेऊन धावले. हिने माझा हात धरला, खडूचा तुकडा शोधला आणि त्याखाली लिहिलं, 'दुकान उघडं आहे. नऊ ते सहा.'

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मग काय करू? तोंड लपवू? माझं तोंड काय चोरीचं आहे?"

पण घरी आली की ती जेवायची नाही. दोन घास खाऊन ताट सरकवायची. चौथ्या दिवशी मी खडसावलं, तेव्हा बोलली. "सहा महिन्यांपूर्वी सभागृहाचा पहारेकरी आला होता. दुकानात गर्दी होती. रोजचा ओळखीचा माणूस, म्हणून मी विचारलंच नाही गं, कुठल्या दाराला ते. तीस वर्षांत एकदाच." आणि ती रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा पेला पुढे केला आणि तिच्याशेजारी बसून राहिले.

आठव्या दिवशी सभागृह समितीचे अध्यक्ष घरी आले. हातात टाइप केलेला कागद, आवाजात साखर.

"ताई, फक्त एक सही करा. 'मी विकलेलं कुलूप सदोष होतं', बस. तुम्ही काय मुद्दाम केलंत? लोक शांत होतील, विषय मिटेल."

"आणि नाही केली तर?"

"गाळा समितीचा आहे. लोक चिडलेत. रविवारच्या सभेत तो खाली करून घ्यायचा ठराव येईल. मी तरी किती जणांना थोपवणार?"

"कुलूप चांगलं होतं," ती म्हणाली. "किल्ली लागली असती तर उघडलं असतं. किल्ली पहारेकऱ्याच्या खिशात होती, आणि पहारेकऱ्याला तुम्ही पाहुण्यांच्या गाड्या लावायला पुढच्या फाटकावर पिटाळलं होतं. फुकटे मागून घुसतात म्हणून साखळी लावायला त्याला कोणी सांगितलं?"

अध्यक्षांनी कागद टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि ते निघून गेले.

आमचे हे म्हणजे गरीब गाय. "ताई, करून टाक सही," म्हणाले. "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"पाणी काय माशाच्या बापाचं आहे?" ती म्हणाली. मला हसू आलं, पण ह्यांच्याकडे बघून मी ते गिळलं.

रविवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. बसायला जागा नव्हती, माणसं भिंतींना टेकून उभी होती. नणंद कामाचा काळा ॲप्रन घालूनच आली, खिशात तो कागद. मी शेजारी. आमच्या आजूबाजूच्या चार खुर्च्या मात्र रिकाम्या राहिल्या.

अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि मंचाकडे न जाता सरळ बाजूच्या दाराकडे चालू लागली. मला वाटलं, निघाली ही! पण ती दारापाशी थांबली.

"ही साखळी कोणी लावली?"

तेव्हा कुठे सगळ्यांनी तिकडे पाहिलं. दाराच्या दोन्ही मुठींतून साखळी ओवलेली होती आणि तिला कुलूप होतं.

"सुरक्षेसाठी," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरचा जमाव चिडलाय, आत घुसला असता..."

"किल्ली कोणाकडे आहे?"

अध्यक्षांनी खिसे चाचपले. सचिवांकडे पाहिलं. सचिव म्हणाले, शिपायाकडे आहे. आणि शिपायाला कागदांच्या प्रती काढायला बाजारात पाठवलेलं होतं.

मग एक खुर्ची सरकली, दुसरी सरकली, मागून एक बाई किंचाळली आणि माणसं उठायला लागली.

"बसा!" माझी नणंद ओरडली. असा आवाज ती फक्त माझ्यावर काढते. "पुढचं दार सताड उघडं आहे. आग नाही, काही नाही. एकमेकांना तुडवू नका. बसा खाली, मी उघडते."

ॲप्रनच्या खिशातून तिने तारेचे दोन तुकडे काढले आणि गुडघे टेकले. दोनशे माणसं खाली बसून तारेची खरखर ऐकत होती. शिक्षिकाबाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. कुलूप सुटलं, साखळी खळकन खाली पडली आणि दार उघडलं. बाहेर जमाव नव्हता. शाळेचं मोकळं मैदान होतं.

"ह्या दाराशी मी दोन मिनिटं घालवली," नणंद म्हणाली. "धुरात एवढी मिळत नाहीत." मग ती शिक्षिकाबाईंकडे वळली. "बाई, ते कुलूप अडकलं नव्हतं. पण ते माझ्या दुकानातलं होतं, आणि कुठल्या दाराला लावणार हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दिलं नसतं. तेवढी चूक माझी. ती मी मरेपर्यंत वागवीन. दुसऱ्याची वागवणार नाही. गाळा घ्यायचा तर घ्या."

तिने तो कागद काढला, दारावर धरून मागच्या कोऱ्या बाजूला हेच सगळं लिहिलं आणि खाली सही केली. शिक्षिकाबाईंनी तो वाचला. वाचून हात पुढे केला, पेन मागितलं, आणि सहीखाली एक ओळ लिहिली. मग मंचाकडे तोंड करून ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली.

"साखळी लावायला कोणी सांगितलं?"

अध्यक्ष टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"साक्षीदार लागेल," शिक्षिकाबाई म्हणाल्या. मी उठले. नणंदेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी भाजी करपलीय.

"सही नीट अक्षरात कर," ती म्हणाली.

मी नीट अक्षरात केली.