तात्या हाय

आईला स्वयंपाकघरातून पडवीत हाक मारायची सवय होती. "हाय का?" ती विचारायची. पडवीतून वडील म्हणायचे, "हाय." एवढंच. आम्ही वडिलांना तात्या म्हणायचो. ते विसरायला लागले आणि वस्तीवरून उठून कुठंही चालू पडू लागले, तेव्हा या हाका वाढल्या. एकदा ते तिसगावच्या बाजारात सापडले, आमच्याकडे नसलेल्या बैलाचा भाव करताना. उत्तर आलं नाही की आई पिठाच्या हातानं पडवीत धावायची.

मी शाळेत इतिहास शिकवतो, पण सोल्डरिंगची हौस जुनी. वायफाय असलेले बोटभर लांबीचे मायक्रोकंट्रोलर बोर्ड हल्ली कुरिअरनं खेड्यातही येतात. सोबत आपल्याला सगळं जमेल असा भ्रमही येतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. मी पडवीत, गोठ्यात, विहिरीपाशी आणि फाटकावर एकेक बोर्ड बसवला. तात्यांच्या खिशासाठी बॅटरीसकट आगपेटीएवढा एक केला. तो सतत आपली खूण हवेत सोडणार, बाकीचे ती ऐकणार, आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर, तसंच माझ्या मोबाईलवर, तात्या कुठं आहेत ते उमटणार. खूण ऐकू येईनाशी झाली की भोंगा वाजणार.

"ह्यो बिल्ला कशाला?" तात्यांनी विचारलं. "मी काय बैल हाय?"

"बैल सांगून जात न्हाईत म्हनून त्यांना लावत्यात," आई म्हणाली. "तुमी तरी कुटं सांगून जाता?"

तात्यांना हे पटलं असावं. त्यांनी तो खिशात टाकला.

पडद्यावर काय लिहावं याचा मी बराच विचार केला. शुद्ध मराठीत 'उपस्थित' लिहिलं असतं तर आईला ग्रामपंचायतीची सभा आठवली असती. म्हणून तिचाच शब्द घेतला: 'पडवी. तात्या हाय.' आणि खूण गेली तर 'तात्या न्हाई.' पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्यानं ते इंग्रजी समजून वाचलं. "आजोबा सारखे हाय म्हणतात! हॅलो कधी म्हणणार?"

"हॅलो फोनवर म्हनत्यात," आईनं त्याला सांगितलं.

यंत्र चाललं. भोंगा दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा तात्या फाटकाच्या थोडं पुढंच सापडले. आई निवांत झाली. तिच्या हाका बंद झाल्या, आणि त्यात काही गेलं असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नाही.

मग गावातल्या एका प्रतिष्ठानाला माझा शोध लागला. मंगल कार्यालयात सत्कार ठरला. फ्लेक्सवर अध्यक्ष पुरुषभर उंचीचे होते आणि आम्ही सत्कारमूर्ती खाली रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढे. असल्या समारंभांची मी आयुष्यभर चेष्टा करत आलो होतो. बोलावणं आलं तेव्हा मात्र शर्ट इस्त्रीला दिला.

"गावाचं नाव अवकाशात नेलं," असं निवेदक म्हणाला. माझ्या बोर्डांचा पल्ला विहिरीच्या पलीकडे जात नव्हता, पण खांद्यावर शाल असताना दुरुस्ती सुचवणं बरं दिसत नाही. अध्यक्षांनी विचारलं, "सर, आत्ता वडील कुठं आहेत, सांगता येईल?" मी मोबाईल काढला आणि माईकवर वाचून दाखवलं: "पडवी. तात्या हाय." टाळ्या पडल्या.

नंतर जुळवलं ते असं. पोराचा सत्कार आहे, हे तात्यांच्या लक्षात राहिलं होतं. त्या आठवड्यात त्यांच्या लक्षात राहिलेली ती एकच गोष्ट असावी. त्यांनी रोजचा सदरा काढून पडवीतल्या खुंटीला अडकवला, लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला आणि मंगल कार्यालयाकडं निघाले. जवळची वाट शेजाऱ्यांच्या शेततळ्याच्या बांधावरून जाते. तळ्याचा काळा प्लास्टिकचा कागद बांधापर्यंत आलेला आहे. ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत गेलेल्याला धरायला त्यावर काही नसतं.

आई आत सत्काराला येणाऱ्या पाहुण्यांसाठी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर करून पडद्याकडं बघितलं. तात्या हाय. पुन्हा बघितलं. हाय. नंतर ती मला एवढंच म्हणाली, "मी दर पोळीला बगत हुते रे."

तात्यांना बाहेर काढलं तेव्हा सदऱ्याच्या सगळ्या गुंड्या लावलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं पडवीत बसली होती. त्यांच्या डोक्यावर, खुंटीच्या सदऱ्यात, बिल्ला आपलं काम चोख करत होता. आत पडद्यावर अक्षरं तशीच होती. शेजारच्या काकूंनी ती वाचली आणि तोंडाला पदर लावला. मी सदऱ्यातून बिल्ला काढून बॅटरी तोडली, तर थोड्या वेळानं भोंगा वाजायला लागला. ते मी विसरलोच होतो. 'तात्या न्हाई.' आदल्या दिवसापासून यंत्र पहिल्यांदाच खरं बोललं, आणि तेही मी बोलायला लावलं म्हणून. मी वायरी ओढून काढल्या.

आईनं हाय खाल्ली, असं लोक म्हणतात. मला तसं दिसत नाही. ती स्वयंपाक करते, जेवते, बोलते. फक्त मी पडवीत बसलो की आतून हाक येते, "हाय का रे?"

"हाय," मी म्हणतो.

एवढ्यावर तिचं भागत नाही. हातातलं ठेवून ती दारापर्यंत येते, मला बघते आणि आत जाते.