वायर काढली तरी उत्तर आलं

तुम्ही हसणार, माहीत आहे मला. पण त्या दुपारी आम्ही भर दिवसा क्लासचं शटर अर्धं खाली ओढलं होतं, एवढं आधी ध्यानात घ्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. धुळ्यात नानांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. नाना साक्रीकडचे. कॉम्प्युटरला स्वतः हात लावायचे नाहीत, पण येईल त्याला सांगायचे, "आपला सर बठ्ठं जानस." सगळं जाणतो म्हणे!

क्लासची वेबसाइट मीच बनवली होती. नव्या बॅचची माहिती टाकली, तर पुण्यात माझ्या मावसभावाला, सुधीरला, नवं पान दिसे आणि आमच्याकडे जुनंच. सुधीरने फोनवर एक कमांड सांगितली. काळ्या स्क्रीनवर ती टाइप केली की आपल्या कॉम्प्युटरने काय मागितलं आणि समोरच्याने, म्हणजे साइट ठेवलेल्या कॉम्प्युटरने, काय उत्तर दिलं, ते सगळं एका फाइलीत उतरायचं.

फाइल उघडली. उत्तर देणाऱ्याने स्वतःची वेळही कळवली होती. ग्रिनिचची वेळ ती. साडेपाच तास मिळवले. आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. समोरच्याचंही तेवढंच पुढे!

आता याचा अर्थ काय घ्यायचा? मी घेतला तो असा, की कुणीतरी आमच्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करून मधे बसलाय.

नानांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे आपलं बठ्ठं त्याले दिसस?"

मी मान हलवली. इंटरनेट फोनच्या वायरीतूनच यायचं; नानांनी ती वायर भिंतीतून उपटली. आता काळजी नाही, असं त्यांना दाखवायला मी कमांड पुन्हा चालवली.

उत्तर आलं. पहिल्यापेक्षा झटकन.

वायर नानांच्या हातात लोंबत होती आणि तो उत्तर देत होता! पोरांना सुट्टी दिली. शटर अर्धं खाली ओढलं. नाना कुजबुजत बोलू लागले. कॉम्प्युटरला माइक नाही हे ठाऊक असून मीही कुजबुजू लागलो.

वायर परत लावायची हिंमत होईना, म्हणून कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावलो. सुधीरने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की साइट चढवण्याआधी पान तपासायला कॉम्प्युटरमधल्या पत्त्यांच्या यादीत तिच्या नावापुढे मी आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता लिहून ठेवला होता ना, तो नंतर पुसला का?

पुसला नव्हता.

"म्हणजे तुझाच कॉम्प्युटर मागतोय आणि तुझाच उत्तर देतोय, त्याच्यातलं जुनं पान दाखवून," तो म्हणाला. "तुझा चोर सापडला. बूथमध्ये उभा आहे."

परत आलो तर नाना शटरपाशी लाकडी दांडकं घेऊन उभे.

"कोन शे तो? समजनं का?"

"समजलं, नाना," मी म्हणालो. "आधी ते दांडकं खाली ठेवा, मग सांगतो."