राक्षस शेवटी मरणार का, यावर बाबांच्या घरी झालेली बैठक

परवा रविवारी दुपारी डोंबिवलीला बाबांकडे गेले. दार उघडंच होतं आणि आत हॉलमध्ये एका अख्ख्या शहराचं काय करायचं यावर जोरात वाद चालू होता.

म्हणजे झालंय असं... दिवाळीत एक मोठा राक्षसपट येतोय. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी बाहेर येतो, इमारती तुडवतो, माणसं पळत सुटतात, वगैरे. ट्रेलर आल्यापासून त्याच्या चाहत्यांना एकाच प्रश्नाने झपाटलंय, शेवटी तो मरणार की नाही? आणि सत्तरी ओलांडलेले माझे बाबा त्या चाहत्यांपैकी एक आहेत.

आई गेल्यावर बाबांचं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. मग खालच्या मजल्यावरच्या सिद्धार्थने त्यांना एकदा असाच एक पिक्चर दाखवला आणि जे सुरू झालं ते आजतागायत. सिद्धार्थ एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. तो, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या कांबळे मॅडम आणि बाबा, अशी तिघांची दर रविवारी बैठक भरते. त्या प्राण्याला तिघंही आदराने 'साहेब' म्हणतात. नियम एकच... इंटरनेटवर फुटलेला शेवट वाचून यायचं नाही. जो पकडला जाईल त्याने सगळ्यांचा चहा करायचा.

खरं सांगते, मला या साहेबांचा वीट आला होता.

आठवड्यातून दोनदा घोडबंदरच्या माझ्या घरून डोंबिवली. ऑफिस आहे, लेकीची दहावी आहे, आणि ट्रॅफिकचं तर बोलायलाच नको. त्यात गेल्या महिन्यात बाबा बाथरूममध्ये घसरून पडले. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. आमच्याकडे राहायला चला म्हणून हात जोडून झाले, खोलीसुद्धा रिकामी करून ठेवली. बाबांचं उत्तर ठरलेलं... 'पिक्चर येऊन जाऊ दे, मग बघू.'

रविवारी मी हो म्हणवूनच निघायचं असं ठरवून गेले होते. गाडीत बसून काय काय बोलायचं ते मनाशी घोकलं होतं. आत गेले तर सिद्धार्थ ओट्यापाशी आलं किसत उभा. म्हणजे स्वारी यावेळीही पकडली गेली होती.

मॅडमचं मत असं की साहेब मरणारच, त्याशिवाय लोक रडत बाहेर पडणार नाहीत. सिद्धार्थ म्हणत होता की त्यांना बर्फात गोठवतील, पुढचा भाग काढायला सोय. बाबांचं सगळ्यांपेक्षा वेगळं. त्यांच्या मते साहेब मरणार नाहीत आणि समुद्रातही परत जाणार नाहीत. दमून शहराच्या मधोमध बसतील, आणि माणसांनाच त्यांच्या भोवतीने रस्ते काढावे लागतील. मग म्हणाले, "त्यांना कुठे हलवायला जायचं नाही. आहेत तिथे बसू द्यायचं."

बस्स. माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, यायचं नसेल तर सरळ सांगा ना. आडून आडून कशाला बोलताय?"

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अगं, मी पिक्चरबद्दल बोलतोय."

आणि ते खरोखरच पिक्चरबद्दल बोलत होते. बाबांना टोमणे मारता येत नाहीत, कधीच आले नाहीत, ते खातं आईकडे होतं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की घोकलेलं सगळं विसरले. पाच मिनिटं पाठ टेकते म्हणून तिथेच दिवाणावर आडवी झाले... आणि चक्क झोपले.

जाग आली तेव्हा कुजबुज ऐकू येत होती. बैठक चालूच होती, फक्त तिघंही दबक्या आवाजात बोलत होते. मॅडम साहेबांकडून एक पूल पाडून घेत होत्या, तोसुद्धा हळूच. मला हसू यायला लागलं, पण डोळे उघडायचं त्राण नव्हतं.

मग बाबांचा आवाज आला. "दिवाळीच्या आधीच जाईन म्हणतो हिच्याकडे. फार ओढाताण होते तिची." मग अगदी चाचरत... "तुम्ही याल ना तिकडे रविवारी?"

म्हणजे बाबा पिक्चरसाठी अडले नव्हतेच. हा एक प्रश्न त्यांना विचारवत नव्हता. आमच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, बाग आहे, सगळं आहे... साहेबांविषयी बोलायला माणूस नाही. हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

सिद्धार्थ म्हणाला, "काका, घोडबंदरला साहेब आले तरी सिग्नलला अडकतील. पण आपण येणार. मॅडमची स्कूटर आहे ना." मॅडम म्हणाल्या, "माझी स्कूटर मी चालवणार. हा मागे बसेल."

तेवढ्यात सिद्धार्थचा फोन वाजला. बाबांनी त्याला गप्प केलेलं मला ऐकू आलं. "श्श. बंद कर तो. झोपू दे तिला, दमलीय फार."

वर्षभर भेटणारं प्रत्येक माणूस मला विचारतं, बाबा कसे आहेत? मीही सांगत असते. मी दमलेय हे मात्र एकट्या बाबांना दिसलं होतं. मी डोळे मिटूनच राहिले, कारण उघडले असते तर मी ऐकलंय हे सगळ्यांना कळलं असतं.

बाबांनी उठून पंखा एकाने कमी केला, पायांवर आईची शाल टाकली आणि परत जाऊन बसले. साहेबांचं पुढे काय ठरलं ते मला माहीत नाही. मी पुन्हा झोपले होते... कुणाची तरी मुलगी असल्यासारखी.