एका गणिताला एक अत्या

थांबा, आधीच सांगून टाकतो — तुम्हाला वाटतंय तसलं हे काही नाही. गेमचं नाव निघालं की मोठ्या माणसांचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. भुवया वर, ओठ आत, आणि मग खालच्या पट्टीत — शेवटी चष्मा लागला ना? नाही लागला. अभ्यास बुडाला? उलट, माझा अकरावीचा अभ्यास जेवढा झाला तेवढा गेममध्येच झाला. घरातून पळून गेलो? कुंभकोणमचा पोरगा पळून पळून जाणार कुठे — शेजारच्या पापनाशमला?

हसा. हसवणं मला येतं. तोच तर घोळ आहे.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका माणसाला सांगितलं, तेही अगदी परवा. त्या माणसाला सांगायला दोन वर्षं लागली, आणि आता तोंड उघडलंच आहे तर तुम्हालाही सगळं सांगणार. मध्ये मी विनोद करायला लागलो तर समजा की टाळतोय. पण थांबणार नाही.

तर — कुंभकोणम आणि मराठी कशी, हे आधी. आमच्यातले लोक मराठ्यांच्या राज्यात इकडे आले आणि इथलेच झाले. दाराबाहेर तमिळ, दाराच्या आत मराठी. पण ही मी आत्ता तुमच्याशी बोलतोय ती नव्हे. आमच्या घरची मराठी जुनी आहे, तमिळच्या चालीवर चालते, आणि तुमच्याकडच्यांना ऐकून मजा वाटते. ही तुमची मराठी मी कुठं शिकलो? हेडफोनमधून. गेममधल्या पोरांकडून.

चौघं मिळून खेळायचो आम्ही. मी, आणि सांगलीकडचे तिघं. एकाच कॉलेजात इंजिनिअरिंगला, एकाच खोलीत राहणारे. त्यातला म्होरक्या पप्या. मला ते मद्रासी म्हणायचे. मी एकदा म्हटलं, अरे मी मराठी आहे. पप्या म्हणाला, "हो हो, मद्रासी मराठी आहेस तू." मला राग आला नाही. खरं सांगू? आपल्याला कुणीतरी घेतलं, याचाच आनंद झाला.

आणि मला गणित येत नव्हतं. दहावीला मार्क बरे पडले म्हणून वडलांनी गणिताच्या ग्रुपला घातलं. वडील साडीच्या दुकानात सेल्समन — गिऱ्हाईक गोंधळलं की तेच त्याच्या वतीनं ठरवून टाकतात, तसं माझंही ठरवलं. इंटिग्रेशन सुरू झालं आणि मला वर्गात तमिळसुद्धा कळेनाशी झाली.

एका संध्याकाळी खेळता खेळता, गवताच्या गंजीमागं लपलेलो असताना, मी विचारलं — कुणाला इंटिग्रेशन येतं का रे? "अरे मद्रासी," पप्या ओरडला, "इथं गोळ्या चालल्यात, आणि तुला इंटिग्रेशन?" पण पुढच्या मिनिटाला तो मेला. आमच्या गेममध्ये मेलेल्याला काही काम नसतं. बाकीचे जिवंत असेपर्यंत नुसतं बघत बसायचं. तो कंटाळला आणि म्हणाला, पाठव फोटो. त्यानं गणित सोडवून टाकलं.

तिथून पद्धतच पडली. जो मरेल त्यानं सेतूचा, म्हणजे माझा, गृहपाठ करायचा. त्यांच्यात पप्याचं गणित सगळ्यात चांगलं, म्हणून मी त्याला लवकर मारायला लागलो. "पप्या, समोरचं घर मोकळं आहे, घुस." घर मोकळं नसायचं.

ही कबुली नव्हे हं. एवढ्यावर सुटलो असतो तर काय हवं होतं?

फुकट किती दिवस करतील? एकदा माझा माइक चालू राहिला आणि स्वयंपाकघरातून अत्याचा आवाज आत गेला — "सेतू, काफी निवते आहे, येतोस कीं नाहीं?" तिकडं तिघं खो खो हसायला लागले. "अरे, हे कोण? पेशवाईतून फोन आला का?"

गिरिजा अत्या. वडलांची मोठी बहीण. आतोबा गेल्यावर आमच्याकडंच राहायला आली, तेव्हा मी दुसरीत होतो. मला वाढवलं कुणी असं विचाराल तर आईचं नाव घ्यावं लागेल, आईला वाईट वाटायला नको. पण खरं उत्तर अत्या आहे.

दुसऱ्या दिवशी मी तोच आवाज काढून दाखवला. नकला मी पहिल्यापासूनच करतो — बसचा कंडक्टर, शाळेचे हेडमास्तर, देवळाचा हत्ती. पण अत्याचा आवाज मला जसा येतो तसा दुसरा कुणाचाच येत नाही. पोरं वेडी झाली. आणि पप्यानं भाव ठरवला — एका गणिताला एक अत्या.

मग काय — भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडता भांडता रागाच्या भरात मराठीत घुसणारी अत्या. गॅसवाल्याला "अप्पा, हळू रे, फरशी फुटेल" म्हणणारी अत्या. फोनवर चेन्नैच्या माणसाशी बोलताना चेन्नैपर्यंत ऐकू जाईल असं ओरडणारी अत्या. रोज संध्याकाळी, ती भिंतीपलीकडं तांदूळ धूत असताना. पाण्याचा आवाज आहे तोवर तिला ऐकू जात नाही, हे मी नीट बघून ठेवलेलं होतं. बघा — किती हुशार होतो.

आता येतंय. थांबत नाही मी, फक्त श्वास घेतोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला विठोबाचं देऊळ आहे, छोटंसं. एकादशीला तिथं भजन. पुढं बसून सांगणारी अत्या, मागून म्हणणारे बाकी सगळे. पूर्वी तिच्या शेजारी आतोबा मृदंगम घेऊन बसायचे. एका अभंगात अशी जागा आहे की अत्या ओळ सोडते आणि मृदंगम एकटा ती ओळ पुरी करतो. आतोबा गेल्यावर दुसरा वाजवणारा आला, पण त्या जागी त्यानं हात उचलून ठेवायचा, असं अत्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. तेवढी जागा रिकामी. अत्या थांबायची, सगळे थांबायचे, पंख्याचा आवाज यायचा, आणि मग ती पुढची ओळ धरायची — धरताना आवाज थोडा फाटायचा. दर एकादशीला. कुणी कधी त्यावर बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

सहामाहीच्या आधी सरांनी अख्ख्या धड्याचा गृहपाठ दिला. पप्या म्हणाला, एवढं सगळं? मग आज मोठा खेळ पाहिजे.

मी अत्याच्या भजनाची नक्कल सुरू केली. आधी ती टाळवाल्याला कसं झापते ते. मग अभंग. मग ती जागा — मी थांबलो. तेवढंच थांबलो, जेवढी ती थांबते. आणि मग आवाज फाडला. हुबेहूब फाडला. हसून हसून एकाला ठसका लागला. तो ठसका ऐकून मी पुन्हा एकदा केलं, यावेळी जरा जास्त रडून.

हे मी केलं. कुणी बंदूक धरली नव्हती. गणितं झाली, मी व्यवस्थित उतरवून घेतली.

पप्यानं ते रेकॉर्ड केलं होतं. गेमच्या चित्रावर चिकटवून, खाली त्यांचं हसणं ठेवून, कुठं कुठं पाठवलं. फिरत फिरत ते चेन्नैच्या माझ्या चुलत बहिणीकडं पोचलं, आणि तिनं घरच्या ग्रुपवर टाकलं — ऐका, हे तर आपल्यासारखंच बोलतायत, कोण असेल?

अत्यानं मला हाक मारली. "सेतू, हें ऐक." फोन कानाजवळ धरून ती पाटावर बसलेली. मला वाटलं, संपलं. पण आपला आवाज आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही — नकला करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. तिनं ओळखला नाही, आणि घरात बाकी कुणी ते पुरतं ऐकलंच नव्हतं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "कोण बाई असेल रे? हिचा पण कोणी गेला आहे."

मग पुन्हा ऐकलं. म्हणाली, "आणि ही पोरें हांसतात."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो — तंजावरकडची कुणी म्हातारी असेल, अत्या. सोड ना.

तिनं सोडलं नाही. "आपण बोललें कीं त्यांस असें ऐकूं येतें होय," एवढंच म्हणाली. पुढच्या एकादशीला तिनं घसा बसलाय म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्या एकादशीलाही. मग मागं बसून नुसती टाळी वाजवायला लागली. वडील तिला घशाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. मी रिक्षात तिची पिशवी धरून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही. हे मला त्यांच्या आधी माहीत होतं. देवळात आता मोबाइलला स्पीकर जोडून तुमच्याकडचे अभंग लावतात. सुरात असतात. कुठंच थांबत नाहीत.

एवढ्यावरही भागलं नाही. एक दिवस अत्या माझ्याजवळ येऊन बसली. तू त्या मुलांशी बोलतोस ती चांगली मराठी, म्हणाली, मला शिकव. आणि मी — शिकवली. लाजायला पाहिजे होतं ना? मी चक्क मास्तर झालो. अत्या, हे असं नाही म्हणत, असं म्हणतात. अत्या, पुन्हा. ती डोसा उलटता उलटता माझी वाक्यं घोकायची आणि विचारायची, बरोबर आलें? मी म्हणायचो, आलं म्हण, आलें नाही. घरात सगळे हसायचे, अत्या पुण्याची झाली म्हणून. तीही हसायची. पण ती हळूहळू कमी बोलायला लागली. आधी मनात वाक्य जुळवायची, मग तोंड उघडायची. कधीकधी जुळवून होईपर्यंत गप्पांचा विषय बदललेला असायचा.

दोन वर्षं. मी कॉलेजात गेलो. त्या पोरांशी खेळणं कधीच सुटलं, त्यात माझा काही मोठेपणा नाही, त्यांना नोकऱ्या लागल्या.

परवा दारासुरमला विणकराकडं वडलांच्या दुकानाचं काम होतं, अत्याही आली. परत येताना टाउन बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. तिनं खिडकीतून पाहिलं, थोडा वेळ थांबली, ओठ हलवले, आणि मला विचारलं, "आपल्याला कुठे उतरायचं आहे रे?"

एकही चूक नव्हती. कुंभकोणमात जन्म गेलेली बाई, आपल्या स्टॉपचं नाव जिला झोपेत माहीत — ती नुसतं वाक्य बरोबर येतंय का बघत होती. माझ्याकडं पाहत होती, मास्तरांकडं पाहावं तशी.

मी ठरवलं — आत्ता. घरी नाही, उद्या नाही. बसमध्ये गाणं ढणढणत होतं, कंडक्टर शिट्टी फुंकत होता. हळू बोलून ऐकू गेलं नसतं, म्हणून ओरडूनच सांगितलं. अख्ख्या बसमध्ये मराठी कळणारी आम्ही दोघंच. ती बाई मी होतो, अत्या. तो आवाज तुझा होता. मी काढला. गणितासाठी. आणि ती जागाही मीच केली. दोनदा केली.

तिनं तोंड फिरवलं नाही. एक स्टॉप गेला. मग ती बोलायला लागली, आणि दोन वर्षांत ऐकली नव्हती ती आमच्या घरची मराठी, आधी न जुळवता, धाड धाड बाहेर आली. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

"माझी नक्कल केलीस, कर! लहान होतास तेव्हां दाराआड उभी राहून मींच हांसत होतें तुज पाहून. माझें बोलणें घे, माझें भांडणें घे. पण ती जागा माझी पण नव्हे रे, त्यांची आहे. तेथें मी पण गात नाहीं. आणि तूं तेथें गेलास? चपला घालून गेलास?"

दम घेऊन तिनं पुन्हा सुरू केलं.

"आणि वर मज शिकवीत बसलास! बरोबर आलें का, बरोबर आलें का, म्हणून मी तुज विचारतें आहे, आणि तूं मान हालवतो आहेस! दोन वर्षें! मार्क किती पडले त्या गणितांत?"

जेमतेम पास, म्हटलं.

"जेमतेम पास!" कंडक्टरनंसुद्धा मागं पाहिलं. "त्यांची जागा देऊन आलास, आणि आणलेंस काय? जेमतेम पास!"

माझे डोळे भरले. खरंच भरले. मी मान खाली घातली, नाक ओढलं.

"रडूं नकोस," अत्या म्हणाली. "तें तुज किती छान येतें, मीं ऐकलें आहे."