तीन फेऱ्यांचा तलाव

आमचे मेहुणे टपालखात्यातून निवृत्त झाले आणि सायकलवाल्यांचे मार्गदर्शक होऊन बसले. दर रविवारी तलाव आणि राखीव जंगल यांच्यामधून सायकल हाकायची आणि मोबाईलने टिपलेला रस्ता सायकल क्लबाला पाठवायचा, हा त्यांचा उद्योग. क्लबातली मंडळी त्या रस्त्याने डोळे झाकून जात.

एकदा वाटेतल्या तलावापाशी त्यांचा हात डोक्याकडे गेला, तर टोपी गायब! ती शोधायला त्यांनी तलावाला तीन फेऱ्या मारल्या. शेवटी बोडक्या डोक्याने घरी आले, तर ताई म्हणाली, "टोपी खुंटीवरच आहे की. तुम्ही घालून गेलातच कुठे?"

मोबाईलने मात्र तिन्ही फेऱ्या इमानेइतबारे टिपल्या होत्या, आणि मेहुण्यांनी न बघताच रस्ता क्लबाला पाठवला होता.

पुढच्या रविवारी चाळीस शिकलीसवरलेली माणसं त्या तलावाभोवती गरगर फिरली. का म्हणून विचारायची एकालाही बुद्धी झाली नाही! उलट क्लबातले डॉक्टर म्हणाले, याने गुडघे सुधारतात. महिन्याभरात तिथे पाटी लागली, "तीन फेऱ्या आवश्यक." आता मेहुण्यांनी खरं सांगायचं कुठल्या तोंडाने?

परवा ते तलाव सोडून सरळ निघाले, तर मागून एक मुलगी ओरडली, "काका, फेऱ्या चुकवू नका! नियम सगळ्यांना सारखा."

मेहुण्यांनी निमूटपणे सायकल वळवली. या खेपेला टोपी डोक्यावर होती.